पिराजीचं माप

नर्सिंगच्या पोरी पाठीमागे मला ‘ओतून-बघा बाई’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. माझे कान अजून शाबूत आहेत. वर्गात कुणी नवं भांडं काढलं, मग ते काचेचं असो, चिनी मातीचं असो की खुद्द सरकारनं शिक्का मारून दिलेलं असो, मी आधी त्यात काठोकाठ पाणी भरायला लावते आणि ते रेघांच्या मेजर ग्लासात ओतून बघायला लावते. पोरी एकमेकींकडे बघून हसतात. म्हातारपणी बाईंना लागलेला हा चाळा आहे असं त्यांना वाटतं. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले की सुटतील बिचाऱ्या. मी त्यांना कधी कारण सांगितलेलं नाही, कारण ते सांगताना माझा आवाज धड राहत नाही, आणि पोरींपुढे रडणारी मास्तरीण मला आवडत नाही.

ही गोष्ट चौसष्ट सालची. मी कोल्हापुरातल्या एका इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर होते. औंस, ड्राम आणि ग्रेन जाऊन मिलिलिटर आणि ग्रॅम आले होते, आणि माझ्या बरोबरीच्या बायका रडकुंडीला आल्या होत्या. जुन्या बाटल्यांवर एक माप, नव्या चिठ्ठीवर दुसरं, आणि मध्ये रोगी. मला मात्र भारी मजा वाटायची. गंगावेशीत माझे वडील, अप्पा, शाळेत गणित शिकवायचे. दहाच्या पाढ्याला भिणारं पोर आमच्या घरात जन्मालाच आलं नव्हतं. मी एका रविवारी बसून मोठा तक्ता काढला, एक औंस म्हणजे तीस, चहाचा चमचा म्हणजे पाच, आणि तो वॉर्डाच्या भिंतीवर चिकटवला. दुसऱ्या वॉर्डातल्या बायका तो उतरवून न्यायला यायच्या. डॉक्टर म्हणायचे, “कालिंदीबाईंच्या वॉर्डात थेंब इकडचा तिकडे होत नाही.” हे ऐकलं की मी दिवसभर दोन बोटं वर चालायचे. उंटावरचं शहाणपण म्हणतात ते हेच, पण उंटावर बसलेल्याला कधी कळलंय?

त्या वर्षी चैत्रात गडमुडशिंगीचा पिराजी वॉर्डात आला. चाळिशीचा गडी, सायकलला दोन किटल्या लावून रोज पहाटे गावात दूध घालणारा. आला तेव्हा तोंड सुजून डोळे बारीक झाले होते आणि पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. मूत्रपिंडं काम करीनाशी झाली होती. दिवसभरात लघवी व्हायची ती जेमतेम एका फुलपात्रात मावेल एवढी. पोटात गेलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते अंगात साठतं, पुढे छातीत चढतं आणि माणूस त्यात गुदमरतो. आज यंत्रावर रक्त धुतात म्हणे. तेव्हा आमच्याकडे एकच औषध होतं, पाणी मोजून देणं.

“दिवसाला सहाशे मिलिलिटर,” डॉक्टर म्हणाले. “त्याच्या वर एक घोट नाही.”

चैत्राच्या उन्हात एका शेतकऱ्याला दिवसाला सहाशे. माझ्या विद्यार्थिनी वहीत तो आकडा लिहून घेतात आणि पुढचं पान उलटतात. पिराजीची खाट हात धुवायच्या नळाजवळ होती. कुणी नळ सोडला की तो डोळे मिटून घ्यायचा, आणि नळ बंद झाला तरी थेंब पडायचे ते मोजत राहायचा. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “शिष्टरबाई, माजी खाट तेवडी लांब सरकवा की. आवाज सोसंना.” मी खाट पार पलीकडच्या भिंतीला लावून घेतली.

त्याची बायको शालूबाई त्याच्या उशाशी असायची. हाडापेरानं मजबूत, आवाज असा की बोलली तर तीन खाटांवरचे जागे व्हायचे. घरी सहा म्हशी. त्या तिनं जावेच्या हवाली केल्या होत्या आणि इथे येऊन बसली होती. बत्तीस रोगी आणि आम्ही दोघीच नर्स, तेव्हा पाण्याचं काम मी तिच्याकडे सोपवायचं ठरवलं. तिला मिलिलिटर समजावायला लागले तर तिनं मला मध्येच तोडलं.

“बाई, ह्ये मला सांगू नगा. आमचं दुधाचं मापच हाय की. दोनशेचं. नवं, सरकारी.”

दुसऱ्या दिवशी तिनं ते आणलं. पितळी, उभा दांडा असलेलं, घासून लख्ख केलेलं, आणि अंगावर ठसठशीत सरकारी शिक्का, दोनशे मिलिलिटर. मी हरखूनच गेले. पोरी-बायकांना जे शिकवता शिकवता आम्ही थकलो, ते या बाईच्या घरात दांड्याला टांगलेलं होतं. “तीन मापं,” मी म्हणाले. “सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. त्यातूनच घोट घोट द्यायचं. झाले सहाशे.” डॉक्टरांना दाखवलं तर तेही खूश. मी भिंतीवरच्या तक्त्यात खाली एक ओळ वाढवली, ‘दुधाचं लहान माप, दोनशे.’

पहिलं माप तिनं माझ्यासमोर भरलं. काठोकाठ भरून पिराजीच्या तांब्यात ओतलं, आणि हात मागे घेता घेता माठातून पुन्हा थोडं उचलून वर एक धार सोडली. मी तिचा हात धरला.

“हे काय?”

“वर धार नगो व्हय?” तिला माझंच नवल वाटलं. “नुसतं माप कुनी देतंय? लक्षुमी रुसती, बाई.”

दूधवाले सगळेच असं करतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? आमच्या दारात येणारा गवळीही माप घालून झालं की वर धार सोडायचाच, आणि सोडली नाही तर माझी आईच त्याला सुनवायची. पण मी तिला चांगलं फैलावर घेतलं. इथे लक्ष्मीचं काम नाही, म्हटलं. ती धार त्याच्या छातीत जाईल. शालूबाईचा चेहरा उतरला. तेव्हापासून ती उजव्या हातानं माप ओतताना डाव्या हातानं स्वतःचंच मनगट गच्च धरायची. वीस वर्षांची सवय, हात आपोआप पुन्हा माठाकडे वळायचा, आणि ती त्याला असा धरून ठेवायची. मी हे रोज बघत होते. डोळ्यांनी बघत होते.

रोज सकाळी पिराजीला काट्यावर उभा करायचो. पाणी अंगात राहतंय की नाही हे कळायला दुसरा उपाय नव्हता. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न किलो. तिसऱ्या दिवशी थोडं वर. सहा दिवस झाल्यावर काटा पावणेएकोणसाठवर गेला, आणि पायांची सूज मांडीपर्यंत आली.

डॉक्टर काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सहाशेवर वजन वाढायचं कारण नाही. कुठून तरी पाणी जातंय.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, नुसतं बघितलं. पण माझ्या वॉर्डात थेंब इकडचा तिकडे झाला होता, आणि ते सगळ्यांसमोर. “आजपासून चारशे,” ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

माझ्या नाकावर राग असतो हे मी नाकारत नाही. मी सरळ शालूबाईसमोर जाऊन उभी राहिले.

“किती पाणी देता तुम्ही यांना?”

“तीन मापं. तुमी सांगिटलं तेवडं.”

“आणि वर धार?”

“न्हाय बाई. त्या दिवसापास्नं एक थेंब न्हाय.”

“मग वजन कसं वाढलं?”

“मला काय ठावं? आंबाबाईची आन घिऊन सांगतो, मी वर घातलेलं न्हाय.” आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका ‘सांगतो, बोलतो’ असंच म्हणतात, पुरुषासारखं.

“शपथ कुणीही घेतं,” मी म्हणाले. “काटा खोटं बोलत नाही.”

“काटा खोटं बोलत न्हाय, आनि मी बोलतो व्हय?” आता तिचाही आवाज चढला. सगळा वॉर्ड उठून बसला. “माज्या मालकाला मी…”

“तुम्हाला नवऱ्याला मारायचंय का?”

हे वाक्य मी बोलले. वीस वर्षं होत आली, अजून कधी जेवताना घास हातात असतो आणि ते मला ऐकू येतं, माझ्याच आवाजात. शालूबाईची ती मोठी हाडं आत कुठे तरी निसटल्यासारखी झाली आणि ती खाटेच्या कडेला खाली बसली. मी तिच्या हातातलं माप काढून घेतलं, कपाटात टाकून कुलूप लावलं, आणि दारावरच्या माणसाला सांगितलं, या बाईला तीन दिवस आत सोडायचं नाही. भेटसुद्धा बंद. डॉक्टरांनी त्यावर सही केली. ती आपलं गाठोडं घेऊन गेली.

घरी मात्र गेली नाही. वॉर्डाच्या समोर आवारात पिंपरणीचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी जाऊन बसली. खिडकीतून मला दिसायची. आमची आया अंबूबाई तिला भाकरी नेऊन द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेजर ग्लासातून पन्नास मिलिलिटर पाणी घेऊन पिराजीकडे गेले. त्यानं ते तोंडात धरून ठेवलं, गिळायचीसुद्धा त्याला घाई नव्हती. मग म्हणाला, “बाई, तिचा काय गुन्हा न्हाय. माप मोटं हाय.”

“कुठलं माप?”

“त्येच. आमचं. मी वाडवून घेतलंय.” तो थांबत थांबत बोलत होता, दम लागायचा. “जुनं पावशेर मोटं व्हतं. सरकारनं ह्ये दोनशेचं दिलं, त्ये उनं भरायला लागलं. माजी गिऱ्हाइकं लई वर्साची. एक बाळंतीन हाय, एक म्हातारा निसता दुदावरच हाय. काल पावशेर देत हुतो, आज कमी कसं घालू? मग तांबटाकडं गेलतो. बूड काडून बोटभर खाली डाकवून घेतलं. पावशेर भरतंय बगा त्ये, जादाच भरतंय.”

“आणि हे शालूबाईंना ठाऊक नाही?”

“तिला कशाला सांगतोय? ती माजं डोस्कं खाल्ली असती.” सुजलेल्या चेहऱ्यावर तो हसला. “मला पयल्याच दिवशी बोलायला पायजे हुतं. पन तान लई लागती वो. वाटलं, तेवडंच दोन घोट जादा.”

एवढं स्वच्छ सांगितलं त्यानं. मी काय करावं? मी म्हणाले, “बायकोला पाठीशी घालू नका, पिराजी. सरकारी शिक्का आहे त्याच्यावर.”

“वतून बगा की,” तो म्हणाला. “घटकाभराचं काम.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला? कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मेजर ग्लास माझ्या हातात होता. नळ दहा पावलांवर. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी त्या वेळी स्वतःला सांगितलं की राउंडची वेळ झाली आहे, इंजेक्शनच्या सुया उकळायच्या आहेत. ते खोटं होतं. खरं हे की आदल्या दिवशी सगळ्या वॉर्डासमोर मी तिला जे बोलले ते चुकीचं ठरावं, हे मला नको होतं. नवऱ्यानं बायकोला वाचवायला रचलेली गोष्ट मानली की माझं सगळं जागच्या जागी राहत होतं. आणि शिक्का तर होताच.

“बरं, न्हाय तर न्हाय,” पिराजी म्हणाला. “पन तिला तेवडं सांगा. माप मोटं हाय, चूक माजी हाय म्हनावं. ती रडत बसली आसंल.”

“सांगते,” मी म्हणाले.

आणि सांगितलं नाही. झाड वॉर्डापासून तीस पावलांवर. दिवसातून चार वेळा मी त्या व्हरांड्यातून गेले. ती मला बघून उठून उभी राहायची, पदर सारखा करायची, आणि मी नजर दुसरीकडे वळवून पुढे जायची.

त्या तीन दिवसांत पिराजीला चारशेच पाणी मिळालं, आणि ते मी स्वतः रेघेवर डोळा ठेवून दिलं. त्यानं जास्त मागितलं नाही. ओठ फुटले, जीभ खरखरीत झाली. मी कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवायची, तर तो बोळा चोखायचा आणि मग स्वतःच लाजायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा श्वास वाजायला लागला होता. मी उशाशी दोन उशा जास्त लावल्या. त्यानं विचारलं, “सांगिटलं का तिला?”

मी म्हणाले, “हो.”

“काय म्हनाली?”

मला आता मागे फिरता येईना. “काही बोलल्या नाहीत.”

“रागावली आसंल,” तो म्हणाला. “रागावनारच की. समद्यांम्होरं माज्यापायी बोलनी खाल्ली.” मग डोळे मिटता मिटता, “घरी गेल्यावर समजूत काडीन.”

दुपारी सव्वातीनला तो गेला. छातीत पाणी चढलं. डॉक्टर होते, मी होते, इंजेक्शन दिलं, पाठ चोळली. पाचदहा मिनिटांत सगळं संपलं. मी अंबूबाईला शालूबाईला बोलवायला पाठवलं तेव्हा उशीर झालेला होता. तीस पावलांवर बसलेली बाई, आणि तिचा नवरा तिच्याशिवाय गेला, कारण भेट बंद होती आणि ती मी बंद केली होती.

मयताचं सामान नातेवाइकांना द्यायचं असतं. मी कपाट उघडलं. माप काढलं आणि पहिल्यांदा ते उलटं करून नीट बघितलं. बुडाशी डाकाची रेघ होती. बाकीचं पितळ जुनं पिवळं, आणि बूड ताजं, फिकट. आंधळ्यालाही बोट फिरवून कळलं असतं. मी नळावर गेले, माप काठोकाठ भरलं, आणि मेजर ग्लासात ओतलं. पाणी दोनशेच्या रेघेवर थांबलं नाही. दोनशेचाळीसला थांबलं.

अप्पांनी शिकवलेलं गणित डोक्यात आपोआप सुरू झालं. दर मापाला चाळीस जास्त. दिवसाची तीन मापं, म्हणजे एकशेवीस. सहा दिवसांचे सातशेवीस. काट्यावर वाढलेलं पाऊण किलो, जवळ जवळ तंतोतंत. इतकं चोख उत्तर मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या उदाहरणाचं आलेलं नाही.

ती खरं बोलत होती. तोही खरं बोलत होता. काटाही खरंच बोलत होता. खोटं एकटी मी बोलले होते.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माप हातात घेऊन बूड बघितलं. मग म्हणाले, “कालिंदीबाई, सहाशे असते तरी तो वाचला नसता. फार तर आठवडाभर.” ते मला धीर द्यायला बोलले, आणि वैद्यकाच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. पण मग माझ्या मनात आलं, वाचणारच नव्हता तर मी त्याला तहानलेला कशासाठी ठेवला? आणि तिला झाडाखाली?

मी माप घेऊन वॉर्डात गेले. शालूबाई खाटेजवळ उभी होती. रडत नव्हती. पिराजीच्या पायाची सूज बोटानं दाबून बघत होती, रोज सकाळी मी बघायची तशी. माझी चाहूल लागल्यावर मागे सरकली. तिला वाटलं मी पुन्हा बाहेर घालवणार.

“शालूबाई,” मी म्हणाले, “माप मोठं होतं.”

तिला कळेना. मी सगळं सांगितलं. तांबट, बूड, बाळंतीण, म्हातारा. दोनशेचाळीस. तो मला परवा सकाळीच सांगत होता हे सांगितलं, ओतून बघा म्हणाला आणि मी बघितलं नाही हेही सांगितलं. ते माप मी दोन्ही हातांनी धरलं होतं.

“म्हंजे,” ती सावकाश म्हणाली, “मी खोटं बोललो न्हवतो.”

“नव्हता.”

तिनं पिराजीकडे बघितलं. “तरीच. रोज शेवटच्या दोन घरांस्नी दूध पुरायचं न्हाय. मला म्हनायचं, म्हशी आटल्या.” आणि ती हसली, खरंच हसली, आणि त्या हसण्यातच तिला पहिला हुंदका आला.

मी तिथेच थांबू शकले असते. पण एक खोटं अजून राहिलं होतं. “त्यांनी मला सांगितलं होतं, तुम्हाला निरोप द्या म्हणून. चूक माझी आहे म्हणावं. मी दिला नाही. आज सकाळी विचारलं, सांगितलं का. मी हो म्हणाले. त्यांना वाटलं, तुम्ही रागावलात.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“रागवून गेलं व्हय त्ये?” तिनं विचारलं. “माज्यावर?”

“नाही. तुम्ही रागावलात असं समजून गेले. घरी गेल्यावर समजूत काढीन म्हणाले.”

मग शालूबाई एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “तुमी त्यास्नी खोटं सांगिटलंसा. आता तुमीच खरं सांगा. मी रागावलो न्हाय म्हनून सांगा.”

“आता…”

“सांगा.”

मी वाकले. पिराजीच्या कानाशी तोंड नेलं. नर्सच्या पांढऱ्या कपड्यात, सगळ्या वॉर्डासमोर, मी त्या गार होत चाललेल्या कानात म्हणाले, “पिराजी, शालूबाई रागावलेल्या नाहीत.” माझा आवाज फुटला. तिनं मला पुन्हा सांगायला लावलं, मोठ्यानं. मी पुन्हा सांगितलं.

मग तिनं माझ्या हातातून माप घेतलं. “आज किती ऱ्हायलं हुतं त्यांचं?”

मी उशाशी लटकवलेला पाण्याच्या नोंदीचा कागद बघितला. चारशेपैकी अडीचशे दिले होते. “दीडशे,” मी म्हणाले.

ती माठापाशी गेली आणि माप भरून आणलं, दीडशेवर न थांबता, काठोकाठ. पदरानं त्याचे ओठ पुसले. मग डाव्या हातानं आपलं उजवं मनगट गच्च धरलं, मी फैलावर घेतल्यापासून रोज धरायची तसं, आणि त्याच्या तोंडात पाणी घातलं. ते आत गेलं नाही. गालावरून, मानेवरून उशीत उतरलं. ती घालत राहिली. माप रिकामं झालं.

मग तिनं मनगट सोडलं, माठाकडे गेली, आणि परत येऊन वर एक धार सोडली. ह्या वेळी मी तिचा हात धरला नाही.